डाव्या हाताची विळी

वांगं पुन्हा घरंगळलं, टेबलावरून खाली पडलं आणि थेट कपाटाखाली गेलं. आईच्या डाव्या हातात मी केलेली नवी सुरी तशीच राहिली.

"राहू दे," मी म्हणालो. "मी चिरतो."

"तू तेवढं ते काढून दे. माझं चिरून कुठं झालंय अजून?"

तिनं सुरी टेबलावर ठेवली आणि मग मी ती उचलली. धारेची वस्तू आमच्याकडे हातातून हातात देत नाहीत. एकानं खाली ठेवायची, दुसऱ्यानं उचलायची, नाहीतर दोघांत भांडण होतं म्हणतात. त्या महिन्यात मी घरात एवढ्या सुऱ्या आणत होतो की हा नियम पाळता पाळता मला वैताग आला होता. आईला मात्र नियमातून सूट द्यायची सवय नव्हती.

गणपतीत आरतीचं तबक तिच्या हातातून पडलं, तेव्हापासून अर्धांगानं तिचा उजवा हात गेला होता. पाय हळूहळू परत आला, काठी घेऊन ती घरभर फिरायला लागली. जीभ तर कधी गेलीच नव्हती. पण हात आला नाही. तो तिच्या मांडीवर पडून असायचा आणि ती अधूनमधून त्याला डाव्या हातानं उचलून सरळ करायची.

मी तेव्हा चाळिशीत होतो. कऱ्हाडच्या पोस्टात काउंटरवर होतो आणि लग्न केलेलं नव्हतं. कांदेपोह्यांचा कार्यक्रम संपेपर्यंत एका जागी बसायचा दम माझ्यात नव्हता, असं आई पाहुण्यांना सांगायची, आणि ते फारसं खोटं नव्हतं. दिवसभर काउंटरवर बसून बसून माझे हात शिवशिवायचे. म्हणून संध्याकाळी घरी आलो की मी मागच्या पडवीत शिरायचो. तिथं विटांची एक भट्टी होती, ऐरण म्हणून रेल्वेच्या रुळाचा तुकडा होता, आणि भंगारातून आणलेले ट्रकच्या स्प्रिंगचे पाटे होते. त्या पाट्यांच्या मी सुऱ्या करायचो, खुरपी करायचो, पटाशा करायचो. एकदा एक अडकित्ता केला होता, त्यानं सुपारी सोडून सगळं कातरलं जायचं. आमच्या गल्लीत माझी सुरी नाही असं घर नव्हतं आणि माझ्या ठोकाठोकीला शिव्या दिल्या नाहीत असंही घर नव्हतं.

त्या महिन्यात मात्र मी फक्त आईसाठी घडवत होतो. कारण शालनताईचं आणि माझं ठरलं होतं.

शालनताई माझी मोठी बहीण, कोल्हापूरला असते. पोळीभाजीचे डबे करून देते. तेव्हाही तिचा व्याप मोठा होता. ती आईला घेऊन जायचं म्हणत होती आणि मी नाही म्हणत होतो. तिचं म्हणणं साधं होतं. मी दिवसभर पोस्टात, आई घरात एकटी. पडली तर कोण बघणार? आईला साधी भाजी चिरता येत नाही, ती एकटी कशी राहणार? फोनवर आमची चांगलीच जुंपली. शेवटी मी म्हणालो, भाजीचंच म्हणतेस ना, आई एका हातानं भाजी चिरून दाखवेल. मग तर राहील ना इथं? ताई म्हणाली, चिरून दाखवू दे, मी पुन्हा विषय काढणार नाही. पण महिन्यानं, एका रविवारी मी व्हॅन घेऊन बघायला येते, आणि नाही जमलं तर तिला घेऊन जाते.

आई तिथंच बसलेली होती. तिनं सगळं ऐकलं आणि एक अक्षर बोलली नाही. पण दुसऱ्या दिवसापासून ती रोज सकाळी टेबलाशी येऊन बसायला लागली, समोर भाजी आणि माझी कालची सुरी घेऊन. तिचा तो उत्साह बघून मला बरं वाटायचं. तिलाही हे घर सोडायचं नाही, असं मी धरून चाललो होतो.

अडचण सुरीची नव्हती, दुसऱ्या हाताची होती. सुरी कितीही चांगली असली तरी भाजी धरायला एक हात लागतोच. मी रुंद पात्याची सुरी केली, झोके देऊन चिरायची अर्धगोल सुरी केली, पाटावर खिळे उलटे ठोकून त्यात भाजी रोवायची सोय केली. बटाट्याला खिळे चालले. वांगं फाटलं. गवारीच्या शेंगा खिळ्यांत कशा रोवायच्या, हे मला कुणी सांगावं. आणि खिळा आईच्या अंगठ्याला लागला तेव्हा तो पाट मीच भट्टीत घातला.

गुरुवारी सकाळी वांगं कपाटाखाली गेलं, त्याची ही पार्श्वभूमी. मला पोस्टात जायला उशीर होत होता. मी गुडघ्यावर बसलो, कपाटाखाली हात घातला, आणि वांग्याच्या आधी हाताला लागली विळी.

आईची जुनी विळी. आई आता खाली बसू शकत नव्हती, पायानं पाट दाबून धरू शकत नव्हती. उगाच कुणाला लागायला नको म्हणून मीच ती फडक्यात गुंडाळून तिथं सारली होती. मी ती बाहेर ओढली आणि तसाच फरशीवर बसून राहिलो.

"काय झालं रे?" आईनं विचारलं.

मी विळी मांडली, पाटावर पाय ठेवला, उजवा हात पाठीमागे घेतला आणि वांगं डाव्या हातानं पात्यावर दाबलं. त्याचे सरळ दोन भाग झाले. मी अर्धं उचललं, पुन्हा दाबलं. फोडी पडत गेल्या. विळीचं पातं हलत नाही, भाजी हलते. भाजी हलवायला एक हात पुरतो. एवढी साधी गोष्ट, आणि मी महिनाभर सुऱ्या बडवत बसलो होतो.

"आई, ही टेबलाला बसवली तर?"

तिनं खुर्चीतून वाकून पातं न्याहाळलं. मग म्हणाली, "ही नको मोडू. हिचं पातं झिजून कागद झालंय. नवीन कर."

त्या दिवशी पोस्टात मी कुणाला किती तिकिटं दिली, देव जाणे. काउंटरखाली माझा पाय एकसारखा हलत होता. संध्याकाळी घरी आलो तो बूटही न काढता पडवीत गेलो.

पातं मनासारखं वळलं. विळीच्या पात्याला एक डौल असतो, मानेसारखा; तो साधला. मग ते लालभडक तापवून तेलात बुडवलं. याला पोलादाला पाणी देणं म्हणतात. पाणी दिलं की पोलाद कडक होतं, पण काचेसारखं ठिसूळही होतं. म्हणून त्यानंतर ते पुन्हा मंद आचेवर निवांत शेकावं लागतं, पितळेसारखा पिवळा रंग चढेपर्यंत. हे शेकायचं काम मी आईच्या नानकटाईच्या ओव्हनमध्ये करायचो. निवांत म्हणजे खरंच निवांत. आणि तिथंच माझं घोडं पेंड खायचं. मी दर पाच मिनिटांनी दार उघडून बघायचो, त्यानं आच जायची, रंग चढायचा नाही, मग मी आणखी चिडायचो. त्या दिवशीही जेमतेम रंग आला न आला तोच मी पातं बाहेर काढलं. शुक्रवारी ते पाटात ठोकून बसवताना टोकाकडचा तुकडा टणकन उडाला आणि पडवीच्या कौलाला जाऊन लागला.

मी हातोडा भिंतीवर फेकला. आई काठी टेकत दाराशी आली. तिनं उडालेल्या तुकड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"घाई केलीस?"

"नाही."

"बरं," ती म्हणाली आणि आत गेली.

शनिवारी दुपारी मी दुसरं पातं घडवून, पाणी देऊन ओव्हनमध्ये ठेवलं. वळून बघतो तर आई ओव्हनपुढे खुर्ची टाकून बसलेली. काठी ओव्हनच्या दाराला आडवी लावून.

"आता हे मी सांगेन तेव्हा उघडायचं," ती म्हणाली. "बस तिथं."

मी बसलो. उठलो. पाणी प्यायलो. पुन्हा बसलो. ताई उद्या सकाळी येणार होती आणि माझ्याकडे हे एकच पातं उरलं होतं. अंगावर मुंग्या चढल्यासारखं होत होतं. आई मात्र खुशीत होती, लग्नघरात बसल्यासारखी. तिनं गप्पा काढल्या. शालनचे डबे किती वाढलेत, रोज भाजी किती लागते, चिरायला बाई आहे का. बाई टिकत नाही म्हणे, मी सांगितलं, ताई स्वतःच पहाटे उठून चिरत बसते. माझं लक्ष ओव्हनकडे होतं.

"आणि हे टेबलाला कसं धरणार?" तिनं विचारलं.

मी तिला पकड दाखवली. लोखंडी जबडा, खालून स्क्रू. टेबलाच्या फळीला घट्ट बसेल अशी बेतून केली होती.

"याचा जबडा मोठा कर. जाड फरशीला बसेल एवढा."

"आपल्याकडे कुठंय जाड फरशी?" आमचा ओटा म्हणजे भिंतीत बसवलेली शहाबादी, तिला पकडायला कडसुद्धा नव्हती.

"टेबल काय जन्मभर पुरतंय? वाळवी लागली तर?"

"लागली तर तेव्हा बघू की."

"आत्ताच कर. तुला तसंही बसवत नाही."

हे मात्र खरं होतं. मी कुरकुरत उठलो आणि जबडा नव्यानं केला. लांब स्क्रू शोधायला भंगारवाल्याकडे जाऊन आलो. परत आलो तेव्हा आईनं काठी बाजूला केलेली होती. ओव्हनचं दार उघडलं तर पात्याला पिवळा रंग चढला होता, कडेपासून कडेपर्यंत सारखा. इतकं चांगलं शेकलेलं पातं त्याआधी माझ्या हातून कधी झालं नव्हतं.

रविवारी ताई आली. डबे पोचवायची ती पांढरी व्हॅन तिनं स्वतः चालवत आणली होती. आल्या आल्या आईला मिठी मारली, आईचा तो हात स्वतःच्या हातात घेऊन थोडी रडली, आणि मग टेबलाकडे वळली. विळी टेबलाला बसवलेली होती, खाली परात मांडलेली. ताईनं तिला हलवून बघितलं. ती हलली नाही.

"गवार चिरेल ही," ताई मला म्हणाली. "कोबीचं काय? मी मुद्दाम आणलाय."

तिनं पिशवीतून कोबीचा एक मोठा गड्डा काढून टेबलावर ठेवला.  आईच्या एका हातात तो मावतही नव्हता. मी पुढे झालो, निदान उचलून द्यावा म्हणून.

"दिगू," आई म्हणाली, "मागं हो."

तिनं गड्डा डाव्या हातानं टेबलावरून लोटत लोटत विळीपाशी नेला. वर उचलला नाही. पोटाशी धरला, पुढे झुकली आणि अंगाच्या भारानं तो पात्यावर दाबला.  करकर असा आवाज झाला आणि गड्डा दुभंगला. एक अर्धं परातीत पडलं. दुसरं तिनं सावकाश फिरवलं, पुन्हा झुकली, चौथा भाग केला. मग तो मुठीत आला. मग बारीक, केसासारखा कोबी पडायला लागला. ती थांबत होती, हात झटकत होती, पुन्हा धरत होती. सगळं व्हायला खूप वेळ लागला. त्या वेळात मी दोनदा पुढे गेलो आणि दोनदा ताईनं माझा सदरा धरून मला मागे ओढलं.

परात भरली तेव्हा आईच्या कपाळावर घाम होता.

"झालं?" मी ताईला म्हणालो. मला इतका आनंद झाला होता की तो लपवायचं भानही नव्हतं. "आता विषय संपला. आई इथंच राहणार."

ताई हरली होती आणि तरी हसत होती. तिनं डोळे पुसले. "संपला," ती म्हणाली. "मी शब्द दिलाय."

आईनं साडीच्या पदराला हात पुसला. विळीच्या पकडीचा स्क्रू डाव्या हातानं सैल करायला लागली.

"शालन," ती म्हणाली, "माझी पिशवी खाटेखाली आहे. भरलेली आहे. तेवढी गाडीत ठेव."

 मला वाटलं, तिला नीट समजलेलं नाही. मी पुन्हा सांगितलं की तू जिंकलीस, तुला जायची गरज नाही.

"गरज नाही ते मला कळतंय. मला जायचंय."

"मग महिनाभर हे सगळं कशाला केलं आपण?"

"जावयाच्या घरी नुसतं बसून खायला मी जाणार नव्हते. हात लुळा घेऊन कुणाच्या दारात जायचं आणि ताट पुढे ओढायचं, हे माझ्यानं झालं नसतं. आता तिची भाजी चिरेन. तिला बाई मिळत नाही, तूच म्हणालास."

ताई गडबडली. म्हणाली, आई, मी तुला आरामाला नेतेय, कामाला नाही, लोक काय म्हणतील मला.

"आरामाला नेणार असशील तर मी येत नाही," आई म्हणाली.

मला राग आला. आता सांगायला हरकत नाही, चांगलाच राग आला. मी म्हणालो, भाजीच चिरायची तर इथं काय कमी आहे, इथं चीर. मी केलेल्या विळीवर माझ्या घरी चीर.

आईनं स्क्रू सोडला आणि माझ्याकडे पाहिलं. तिच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे मला जास्त लागलं.

"इथं काय चिरू? दोन माणसांची दोन वांगी. तीही मी हात घालायच्या आत तू चिरून टाकतोस. मी पदर सावरायच्या आधी तू सावरतोस. घास उचलायच्या आधी भरवतोस. त्यात तुझं वाईट नाही काही. माझं हळूहळू चाललेलं तुला बघवत नाही. पण मला आता हळूहळूच येतं रे. तिथं पाच किलो भाजी असेल, दिवसभर कुणाला माझ्याकडे बघायला वेळ नसेल. मला तेच पाहिजे."

 तेवढ्यात टेबलावरच्या त्या पकडीकडे माझं लक्ष गेलं. तो मोठा जबडा. ताईच्या वास्तुशांतीला गेलो होतो तेव्हा तिचा नवा ओटा सगळ्यांनी हात फिरवून बघितला होता, बोटभर जाड काळ्या दगडाचा. आईनंही बघितला होता. शनिवारी दुपारी ओव्हनसमोर बसून तिनं माझ्याकडूनच तिथलं माप करून घेतलं होतं, आणि मी भंगारवाल्याकडे धावत जाऊन स्क्रू आणला होता.

"दोन दिवसांत परत येशील," मी म्हणालो.

"आले तर येईन. घर कुठं पळून जातंय."

ती आली नाही. सणाला यायची, यात्रेला यायची, चार दिवस राहिली की तिला डब्यांची काळजी लागायची. पुढं बरीच वर्षं कोल्हापूरच्या त्या घरात तिनं डाव्या हातानं भाजी चिरली. जावई तिच्याकडे मागून मागून कोशिंबीर करून घ्यायचे. ती गेल्यावरही ताईनं विळी ओट्यावरून काढलेली नाही. हे सगळं नंतरचं. त्या रविवारी मला यातलं काही माहीत नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की मी जिवाचं रान करून जे घडवलं, तेच आईला घेऊन चाललं होतं.

मी पिशवी गाडीत ठेवली. विळी एका जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळली आणि बाहेर आलो. आई व्हॅनमध्ये पुढच्या सीटवर बसली होती, दार उघडं होतं. मी विळी तिच्यापुढे धरली.

तिनं घेतली नाही.

"खाली ठेव," ती म्हणाली.

"घे की. भांडण व्हायचं ते झालंय."

"झालेलं नाही. आणि मला होऊ द्यायचं नाही. खाली ठेव, दिगू."

मी विळी तिच्या पायांपाशी व्हॅनच्या पायरीवर ठेवली. आई वाकली. हात पुरेना. तिनं सीट धरून अंग थोडं पुढे सरकवलं, पुन्हा वाकली. बोटं फडक्याला लागली, फडकं सुटलं, पाट उघडा पडला. ती थांबली. दम घेतला. सुटलेलं टोक एका हातानं पुन्हा खोचायला लागली. ते निसटलं. तिनं पुन्हा खोचलं.

गाडी चालू होती. ताईनं माझ्याकडे पाहिलं. माझे हात शिवशिवत होते. एक झटका दिला असता तर विळी तिच्या मांडीवर गेली असती, दार लागलं असतं, गाडी सुटली असती. मी दोन्ही हात पँटच्या खिशात घातले आणि तिथंच उभा राहिलो.

आईनं टोक खोचलं, पाटाखाली हात सरकवला आणि विळी उचलून मांडीवर घेतली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आता लाव दार."